‘नेटवर्क अदृश्य करणे : ३०० रुपये’ – एका घरपोच वाय-फाय सुरक्षा सेवेचे परीक्षण

डोंबिवली पूर्वेला आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात इंटरनेट फारच रेंगाळू लागले, तेव्हा शेजारपाजारचे कोणीतरी आपले वाय-फाय वापरत असावे, असा संशय मला आला. संशयाला आधार एवढाच होता की, राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची जी यादी दिसते, तीत एक फोन घरातल्या कोणाचाच नव्हता. म्हणून स्टेशनजवळच्या एका संगणक दुरुस्तीच्या दुकानाची ‘घरपोच वाय-फाय सुरक्षा’ ही सेवा मी मागवली. दुकानाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. हीच सेवा याच स्वरूपात आणखीही दुकाने विकतात, आणि माझा मुख्य आक्षेप दुकानावर नसून तिच्यातल्या एका कलमावर आहे.

ठरलेल्या वेळेला तंत्रज्ञ आला. विशीतला, बोलायला नम्र, चपला दाराबाहेर काढून आत येणारा मुलगा होता. पाऊण तासात त्याने काम उरकले आणि छापील बिल हातात ठेवले : नेटवर्क अदृश्य करणे ३०० रुपये, उपकरणांची नोंदणी २०० रुपये, राउटरचा लॉगिन बदलणे १५० रुपये, घरभेट १४९ रुपये, एकूण ७९९ रुपये. बँकेत तीस वर्षे काढल्यामुळे कोणत्याही बिलाची प्रत्येक ओळ वाचायची सवय आहे. या बिलातली सर्वांत महाग ओळ कशासाठी, हे मी त्याला विचारले. तो म्हणाला, ‘‘काका, आता तुमचं नेट कुणाला दिसणारच नाही. दिसलं नाही तर हॅक कसं करणार?’’

तेव्हा मला ते पटले. पाटी काढून टाकली तर घर सापडणार नाही, असा तो साधा हिशेब होता, आणि खरोखरच संध्याकाळी शेजारच्यांच्या फोनवर आमच्या नेटवर्कचे नाव दिसत नव्हते. हे समाधान आठवडाभर टिकले. पुढच्या रविवारी माझी भाची घरी आली. ती पुण्याला नेटवर्कच्याच क्षेत्रात नोकरी करते. जेवणे झाल्यावर मी मोठ्या अभिमानाने तिला बिल दाखवले. पहिली ओळ वाचून ती हसली आणि म्हणाली, ‘‘मामा, तुमच्याच नेटवर्कवर तुमच्याच परवानगीने एक गोष्ट दाखवू का?’’ परवानगीचा तिचा आग्रह उगाच नव्हता. दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये परवानगीवाचून शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येणारा प्रकार आहे.

तिने लॅपटॉपला बोटभर लांबीचे एक वाय-फाय उपकरण जोडले आणि ‘किस्मेट’ नावाचा मोफत प्रोग्राम सुरू केला. (हा शब्द म्हणजे आपली ‘किस्मत’च. असल्या कामाच्या प्रोग्रामला नाव मात्र समर्पक ठेवले आहे.) पडद्यावर आसपासच्या वीस-पंचवीस नेटवर्कांची यादी उमटली आणि तीत आमचेही होते. नावाच्या रकान्यात तेवढी ‘लपवलेले’ अशा अर्थाची नोंद होती. बाकी राउटरचा हार्डवेअर पत्ता (प्रत्येक उपकरणाला कारखान्यात मिळणारा ओळख-क्रमांक), त्यावरून ओळखू येणारी उत्पादक कंपनी, चॅनेल, संदेशलहरींची तीव्रता आणि सुरक्षेचा प्रकार, हे सगळे जसेच्या तसे हजर होते. मग तिने मला माझ्या फोनचे वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले. मी तसे केले, आणि चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवेपर्यंत त्या रिकाम्या रकान्यात आमच्या नेटवर्कचे नाव उमटले होते : आमचे आडनाव आणि त्यापुढे सदनिकेचा क्रमांक ३०२.

हे कसे घडले, ते तिने पुढच्या अर्ध्या तासात समजावले, आणि ते मला समजले तसे येथे देतो, कारण ३०० रुपयांचा न्याय त्यावरच करायचा आहे. राउटर आपले अस्तित्व जाहीर करणारा एक छोटा संदेश सतत पाठवत असतो. बहुतेक राउटरमध्ये दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला साधारण दहा वेळा. या संदेशात नेटवर्कचे नाव असते, आणि त्या नावाला जास्तीत जास्त ३२ बाइट एवढी जागा असते. ‘नाव लपवा’ हा पर्याय निवडला की राउटर हा संदेश पाठवणे थांबवत नाही. फक्त त्यातली नावाची जागा कोरी ठेवतो. बाकीचा संदेश पूर्वीसारखाच सेकंदाला दहा वेळा जात राहतो. आता फोनला त्या नेटवर्कशी जोडायचे असेल, तर नाव कोणीतरी उच्चारलेच पाहिजे, आणि राउटर बोलत नाही म्हटल्यावर ते काम फोनवर येते. फोन विचारतो, ‘अमुक नावाचे नेटवर्क येथे आहे का?’ राउटर उत्तर देतो, ‘होय, मीच तो’, आणि या उत्तरात नाव असते. त्यानंतर फोन जोडणीची जी विनंती पाठवतो, तिच्यातही नाव असते. हा सारा संवाद सांकेतिक कुलूप लागण्याच्या आधीचा असल्यामुळे उघड्या मजकुरात चालतो. पासवर्ड कितीही भक्कम असला तरी हा भाग झाकला जात नाही. दारावरची पाटी काढली खरी, पण घरी येणारा प्रत्येक जण जिन्यात उभा राहून आमचे नाव मोठ्याने पुकारू लागला, असा हा प्रकार झाला.

येथे मी एक शंका काढली. ऐकणाऱ्याला कोणीतरी जोडले जाईपर्यंत ताटकळत बसावे लागेल ना? तेवढा तरी अडथळा झाला की नाही? तिचे उत्तर या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. घरात चार फोन, एक टीव्ही आणि एक प्रिंटर असेल तर दिवसभर कोणते ना कोणते उपकरण तुटून पुन्हा जोडले जातच असते. आणि ज्याला धीर नाही, तो राउटरच्या नावाने ‘जोडणी तोडा’ असा बनावट संदेश पाठवू शकतो. असे संदेश तपासून नाकारण्याची सोय वाय-फायच्या मानकात २००९ साली आली, पण डब्ल्यूपीए-२ (वाय-फायवरचा मजकूर पासवर्डच्या आधारे कुलूपबंद करण्याची प्रचलित पद्धत) वापरणाऱ्या घरगुती राउटरांवर ती पुष्कळदा चालू नसते. फोन बिचारा तुटतो, लगेच पुन्हा जोडून घेतो आणि ऐकणाऱ्याला नाव मिळते. पासवर्ड फोडू पाहणाऱ्याला पुन्हा जोडणीच्या वेळची राउटर आणि फोन यांच्यातली देवाणघेवाण तशीही बहुतेकदा टिपावीच लागते, म्हणजे ज्या क्षणाची तो वाट पाहत असतो, त्याच क्षणी त्याला नाव फुकटात मिळते. नाव लपवल्याने त्याचे कष्ट वाढत नाहीत. जे काम तो करणारच होता, त्यातच हे उरकते. ज्याला हे काम येत नाही, अशा साध्या शेजाऱ्याला पासवर्डच पुरेसा आहे.

हे काही नवीन संशोधन नाही. सुरक्षातज्ज्ञ रॉबर्ट मॉस्कोविट्झ यांनी २००३ सालीच नाव लपवण्याच्या या समजाचा समाचार घेतला होता. संकेतशास्त्रातले, म्हणजे गुप्तलेखनाच्या शास्त्रातले तत्त्व तर त्याहून खूप जुने आहे : १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी असे मांडले की, यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी अडचण होता कामा नये. गुपित ठेवायचे ते किल्लीचे. बँकेत आम्हीही तिजोरी कोठे आहे हे कधी लपवले नाही. किल्ल्या मात्र दोन अधिकाऱ्यांकडे वेगवेगळ्या असत.

एवढ्यावर थांबले असते तरी ‘उपयोग नाही, पण अपायही नाही’ असे म्हणून मी गप्प बसलो असतो. अपाय आहे, आणि तो घराबाहेर आहे. नाव लपवलेले नेटवर्क फोनमध्ये साठवले की, ते आजूबाजूला आहे का हे कळण्यासाठी फोनला नाव घेऊनच विचारावे लागते, आणि आपण घरी आहोत की ठाणे स्टेशनच्या फलाटावर, हे फोनला आधी कोठून कळणार? म्हणून तो बाहेरही विचारत राहतो. आमच्या घरातला प्रत्येक फोन आमचे आडनाव आणि सदनिकेचा क्रमांक घेऊन गावभर हाका मारत फिरत होता. माणसाचा माग काढता येऊ नये म्हणून अँड्रॉइडने दहाव्या आवृत्तीपासून आणि आयफोनने आपल्या प्रणालीच्या (आयओएस) चौदाव्या आवृत्तीपासून वाय-फायसाठी बदलता हार्डवेअर पत्ता वापरायला सुरुवात केली. पण पत्ता बदलून उपयोग काय, जर प्रत्येक हाकेत तेच वैशिष्ट्यपूर्ण नाव असेल? भाचीने तिचा आयफोन आमच्या नेटवर्कला जोडला, तेव्हा नावाखाली गोपनीयतेचा इशारा झळकला. अॅपलच्या राउटरविषयीच्या मार्गदर्शनातही स्पष्ट म्हटले आहे की, नाव लपवल्याने नेटवर्क शोधता येण्यापासून किंवा अनधिकृत वापरापासून वाचत नाही. ज्या सुविधेबद्दल फोनच तक्रार करतो, तिचे ३०० रुपये मी दिले होते.

रोजचा त्रास वेगळाच. पूर्वी पाहुण्यांना पासवर्ड सांगितला की काम भागत असे. आता आधी ‘नवीन नेटवर्क जोडा’ शोधा, मग नाव टंका, त्यात कोणते अक्षर मोठ्या लिपीतले ते सांगा, मग सुरक्षेचा प्रकार निवडा, आणि शेवटी पासवर्ड. प्रिंटर तर नाव दिसत नाही म्हणून जोडलाच जाईना. त्याच्या दोन ओळींच्या पडद्यावर बाणांच्या बटणांनी एकेक अक्षर निवडत आमचे आडनाव लिहिण्यात माझी एक सबंध दुपार गेली.

बिलाची दुसरी ओळ, म्हणजे उपकरणांची नोंदणी. प्रत्येक उपकरणाचा हार्डवेअर पत्ता राउटरमध्ये लिहायचा आणि यादीबाहेरच्यांना प्रवेश द्यायचा नाही, अशी ही व्यवस्था. हा पत्ता प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला उघडपणे असतो आणि त्याची नक्कल करता येते, त्यामुळे येथेही तोच दोष आहे. शिवाय तंत्रज्ञाने माझ्या फोनच्या ‘फोनविषयी’ या पानावरचा मूळ पत्ता लिहून घेतला आणि फोन मात्र राउटरला दुसराच, बदलता पत्ता सांगत होता. परिणामी यादी लागू होताच पहिला अडला तो घरमालकच. तंत्रज्ञाने यावर माझ्या फोनची ती सोय बंद करून टाकली. फोन लगेच जोडला गेला, पण मघाशी ज्या गोपनीयतेविषयी लिहिले, तिचा आणखी एक टाका उसवला.

तिसऱ्या ओळीला मात्र पूर्ण गुण. आमच्या राउटरच्या व्यवस्थापनाचे नाव आणि पासवर्ड दोन्ही कारखान्यातून आलेले, म्हणजे ‘अॅडमिन’, हेच होते. नेटवर्कमध्ये असलेला कोणीही राउटरच ताब्यात घेऊ शकला असता. ते बदलले हे उत्तम झाले. त्या मुलाने बिलात न लावलेले एक कामही केले : टीव्हीच्या मागे कोंबलेला राउटर काढून त्याने बाहेरच्या खोलीत उंचावर बसवला आणि गर्दीच्या चॅनेलवरून रिकाम्या चॅनेलवर नेला. इंटरनेट रेंगाळण्याचे खरे कारण तेच होते. माझी मूळ तक्रार ज्या कामाने मिटली, त्याचे दुकानाने एक पैसाही घेतला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

आता जे केले नाही त्याविषयी. पासवर्ड त्याने बदलला खरा, पण ‘‘लक्षात राहील, काका’’ म्हणून माझा मोबाइल क्रमांकच पासवर्ड ठेवला. मी सोसायटीचा खजिनदार आहे. माझा मोबाइल क्रमांक लिफ्टशेजारच्या सूचनाफलकावर तीन वर्षांपासून लावलेला आहे. तो फलक नसता तरी फार फरक पडला नसता : आपले मोबाइल क्रमांक दहा अंकी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. मघाशी सांगितलेली देवाणघेवाण एकदा टिपली की पुढचे काम, म्हणजे एकेक पासवर्ड तिच्याशी जुळवून पाहणे, घरी बसून करता येते, आणि आजचे चांगले ग्राफिक्स कार्ड डब्ल्यूपीए-२ चे सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासू शकते. चार हजार सेकंद. सव्वा तासही पुरा लागत नाही. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द आणि मध्ये एखादा अंक असा लांब पासवर्ड ठेवला असता, तर हा हिशेब मानवी आयुष्याच्या पलीकडे गेला असता. मर्यादा ६३ अक्षरांपर्यंत आहे. काटकसर करण्याचे कारण नाही.

गंमत अशी की, नेटवर्कच्या नावाचा सुरक्षेशी संबंध आहे, फक्त तो लपवण्याशी नाही. डब्ल्यूपीए-२ मध्ये पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव एकत्र घेऊन ४,०९६ फेऱ्यांच्या गणितातून किल्ली तयार होते. त्यामुळे नाव कारखान्यातून आलेले, हजारो घरांत सारखे असेल, तर त्या नावासाठी नेहमीच्या पासवर्डांच्या किल्ल्या कोणी आधीच काढून ठेवू शकतो. नाव वेगळे असावे, सर्वांना दिसले तरी चालेल, आणि त्यात आडनाव व सदनिका क्रमांक नसावा. ही शेवटची चूक दुकानाची नव्हे, माझी होती.

डब्ल्यूपीएस ही बटण दाबून किंवा आठ अंकी पिन देऊन जोडण्याची सोयही चालूच राहिली होती. २०११ च्या डिसेंबरमध्ये सुरक्षा-संशोधक श्टेफान फीबॉक यांनी दाखवून दिले की, हा पिन दोन तुकड्यांत तपासला जात असल्यामुळे आणि शेवटचा अंक पडताळणीचा असल्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. पुढच्या काळातल्या अनेक राउटरांनी काही चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूप घालायला सुरुवात केली, तरीही ज्या सेवेच्या नावात ‘सुरक्षा’ आहे तिने ही सोय बंद करायला नको होती का? एका टिचकीचे काम होते. राउटरचे सॉफ्टवेअरही जुनेच राहिले. भाचीने ते अद्ययावत केल्यावर सुरक्षेच्या पर्यायांत डब्ल्यूपीए-३ हे पुढचे मानक दिसू लागले, जे २०१८ साली आले आणि ज्यात देवाणघेवाण टिपून घरी बसून पासवर्ड तपासत बसण्याचा मार्गच बंद होतो. आमचा प्रिंटर जुना असल्यामुळे त्याला पाहुण्यांच्या वेगळ्या नेटवर्कवर डब्ल्यूपीए-२ सह ठेवले आणि घरचे फोन डब्ल्यूपीए-३ वर घेतले.

आपल्याकडे वाय-फायविषयी भीती आहे, ती अगदी निराधार नाही. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळी आलेला ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या, पासवर्ड नसलेल्या वाय-फायवरून पाठवलेला निघाला, आणि त्या घरात राहणाऱ्या परदेशी नागरिकाला चौकशीला सामोरे जावे लागले. तेव्हापासून ‘आपले नेट दुसऱ्याने वापरले तर?’ हा प्रश्न मुंबई-ठाण्याच्या घरांत मुरला आहे, आणि ‘अदृश्य’ हा शब्द त्या भीतीवर चांगला विकतो. पण त्या घरात पासवर्ड नव्हता हे दुखणे होते. नाव लपवले असते, तरी दार उघडेच राहिले असते.

आणि तो अनोळखी फोन? पासवर्ड बदलल्यावर दोन दिवसांनी वरच्या मजल्यावरचा मुलगा संकोचत दारात आला. टाळेबंदीत ऑनलाइन वर्गासाठी आमच्या घरूनच त्याला पासवर्ड दिला होता, आणि त्याच्या फोनने तो लक्षात ठेवला होता, इतकेच. आता तो पाहुण्यांच्या नेटवर्कवर असतो.

मी दुकानात जाऊन मालकांना हे सारे शांतपणे सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. ‘‘साहेब, मला ठाऊक आहे की त्यात काही नाही, पण गिऱ्हाईक तेच मागतं; फोनवरून नाव गेलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं,’’ असे त्यांनी कबूल केले आणि ३०० रुपये परत करण्याची तयारी दाखवली. मी ते घेतले नाहीत. त्या ओळीऐवजी बिलावर ‘डब्ल्यूपीएस बंद करणे व लांब पासवर्ड ठेवणे’ असे लिहून तेवढेच पैसे घ्यावेत, अशी सूचना केली. त्यांनी ती वहीत टिपून घेतली. पाचपैकी अडीच तारे देतो आहे. त्यातले दोन त्या मुलाने फुकट हलवलेल्या राउटरचे आणि अर्धा या वहीतल्या नोंदीचा. ही सेवा मागवायची असेल तर पहिली दोन कलमे वगळायला आधीच सांगावे, आणि पासवर्ड स्वतःच ठरवून स्वतःच टंकावा. आमच्या नेटवर्कचे नाव आता पुन्हा सर्वांना दिसते. ते बदलून ‘कोकमसरबत’ असे ठेवले आहे.